इवालु: कंडरेच्या धाग्याच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

आजपासून बूट माझ्या टेबलावर. एकच जोडी, सीलच्या कातड्याचे, कॅनडाच्या पूर्वेकडच्या आर्क्टिकमधून शंभरेक वर्षांपूर्वी म्युझियममध्ये आलेले. तिथले मूळ रहिवासी इनुइट लोक यांना कामिक म्हणतात. रजिस्टरला नोंद किती, तर दीड ओळ: स्किन बूट, एक जोडी, उजव्याची टाच उसवलेली. कातडं कुठल्या सीलचं ते नाही, दोरा कशाचा ते नाही, कुणी शिवले ते तर नाहीच नाही. वाचून वाईट वाटलं, कारण बूट हातात घेतला की पहिली नजर शिवणीवरच जाते. तळव्याचं कातडं जाड आहे आणि बोटांकडे नि टाचेकडे त्याला बारीक बारीक चुण्या घालून वर वळवलंय, अगदी करंजीला मुरड घालतो तसं, एकेक चुणी शेजारच्या चुणीएवढीच, आणि या चुण्या बायका दातांनी चावून पाडायच्या. सुई-दोरा त्याच्यानंतर.

उजव्या टाचेला मात्र मधे कधीतरी कुणीतरी पांढऱ्या नायलॉनच्या दोऱ्यानं दुरुस्ती केलीय, त्याची नोंद कुठेच नाही. नायलॉन आजही ठणठणीत आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंचं कातडं भोकाभोकातून फाटत गेलंय. म्हणजे टाच दुरुस्त केली म्हणून फाटली. हे का झालं ते नीट कळल्याशिवाय मी हात लावणार नाही, तीन महिने मिळालेत, तेवढ्यात मूळ दोरा स्वतः करून, स्वतः शिवून बघायचाय.

११ जानेवारी

मायक्रोस्कोपखाली मूळ दोरा बघितला. कापूस नाही, आतड्याची तात पण नाही, ही कंडरा. शाळेत जीवशास्त्रात शिकलो होतो तीच, स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी चिवट दोरी. बोलताना आपण तिला पण शीर म्हणून टाकतो, पण रक्ताच्या शिरेशी हिचा काही संबंध नाही. जवळजवळ सगळं कोलॅजन, त्याचे तंतू लांबीच्या दिशेनं एकमेकांना चिकटून, आणि मोठं करून बघितलं की त्या तंतूंना एक बारीक लाट दिसते, केस वेणीतून सोडल्यावर असतात ना तशी. यूव्ही दिव्याखाली निळसर पांढरी चमकते, पण तेवढ्यावर जाऊ नये, नायलॉनचे काही दोरे त्याहून जास्त चमकतात, आज दोन्ही शेजारी ठेवून बघितलं तर नायलॉनच आधी डोळ्यात भरला. खात्री होते ती लाटेवरूनच.

घरी येऊन वाचन. ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोक नावाच्या ठिकाणी १९७२ मध्ये दोन भावांना खडकाच्या कपारीत थंडीनं सुकलेली आठ माणसं सापडली होती, सहा बायका आणि दोन मुलं, साधारण १४७५ च्या सुमाराची, अंगावर आणि सोबत मिळून ७८ कपडे, सगळे कातड्याचे आणि शिवण कंडरेच्या धाग्याची. साडेपाचशे वर्षं! माझ्या टेबलावरचे बूट त्या मानानं कालचे.

१६ जानेवारी

ऑनलाईन मागवलेली 'सिनू' (इंग्रजीत कंडरेच्या धाग्याला सिनू म्हणतात) आली. पाकिटावर हरणाचं चित्र, आत मेणकट पिवळसर चपटी रीळ. हातात घेतल्या घेतल्या शंका आली, इतका लांब सलग धागा कुठल्याच जनावराच्या अंगात नसतो. टोक जाळून बघितलं, वितळून काळा मणी झाला. खरी कंडरा केसासारखी जळते, वास पण तोच, आणि मागे चुरा होणारी राख उरते. म्हणजे हा मेण लावलेला सिंथेटिक धागा. पाकिटाच्या मागे अगदी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं पण.

हा धागा वाईट नाही, उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजातले कितीतरी कारागीर आज तोच वापरतात, मजबूत आहे, हवा तेवढा बारीक सोलता येतो. माझ्या कामाचा नाही एवढंच, मला पाणी लागल्यावर काय होतं ते बघायचंय आणि याला पाण्याचं काही देणंघेणंच नाही. रीळ ठेवून दिली, तुलनेला लागेल.

२१ जानेवारी

ऑफिसातल्या एकीचे वडील शिकार करतात, त्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या पाठीच्या दोन कंडरा आणि पायाच्या चार, फ्रीझरमधून काढून दिल्या. कच्चा माल म्युझियमच्या लॅबमध्ये नेता येत नाही आणि येऊही नये, कातड्यावर जगणारे बारीक भुंगे (कार्पेट बीटल) याच्यावर तुटून पडतात आणि एकदा का ते स्टोअरमध्ये शिरले की शेकडो वस्तू धोक्यात. म्हणून सगळं काम घरच्या बाल्कनीत आणि स्वयंपाकघरात, आणि तयार नमुने म्युझियममध्ये नेण्याआधी सीलबंद पिशवीत उणे २० ला दोन आठवडे.

पाठीची कंडरा म्हणजे मणक्याच्या दोन्ही बाजूंना जो लांब मांसाचा पट्टा असतो त्याच्यावरचा चंदेरी पापुद्रा. मटण साफ करताना जो चिवट पांढरा पडदा आपण काढून टाकतो तोच हा, फक्त हातभर लांब. बोथट सुरीनं मांस खरवडायचं, धार लावलेली सुरी नको, तंतू तुटतात. एक पट्टा साफ करायला मला सव्वा तास लागला. मग कोमट पाण्यात धुवून चरबी काढली आणि पाटावर पसरून ठेवला, कडा बोटानं दाबत गेले तर त्या आपोआप लाकडाला चिकटल्या. गोंद नाही, टाचण्या नाहीत. कंडरेच्या अंगातच सरस असतो. शेवटी सुतार जो सरस वापरायचे तो पण कातडं, हाडं, शिरा उकळूनच केलेला, ते आज डोळ्यांसमोर दिसलं.

२३ जानेवारी

पट्टा वाळला. जाड ट्रेसिंग पेपरसारखा दिसतो, वाजतो पण तसाच.

२६ जानेवारी

नुकसान झालं. पायाच्या कंडरा जाड असतात, दांडक्यासारख्या कडक वाळतात, त्या दगडानं ठेचून तंतू मोकळे करायचे असतात. ठेचून हात दुखायला लागले म्हणून मी एक कंडरा गरम पाण्यात टाकली, मऊ पडेल म्हणून. चहाला ठेवतो तेवढं गरम असेल. काही सेकंदात ती डोळ्यांदेखत आखडली, निम्म्याहून कमी झाली, जाड झाली, आणि बाहेर काढली तर रबर. ताणली की लांबते, सोडली की परत. धागा म्हणून मेली.

कोलॅजनचं हे मला पाठ होतं, ओलं असताना साठ-पासष्ट अंशांच्या पुढे गेलं की त्याची पिळलेली रचना उलगडते आणि ते आखडतं, परत कधी सरळ होत नाही. परीक्षेत लिहिलंय मी हे. पण पाठ असणं वेगळं आणि हातात रबर येणं वेगळं. एका जनावराच्या चारच पायांतून येणारी वस्तू, तीन उरल्या, आणि ज्यांनी जपून ठेवून दिल्या होत्या त्यांना काय सांगू हा विचार दिवसभर डोक्यात होता. संध्याकाळी फोन करून सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे पण पहिली अशीच जाते.

जुन्या वस्तूंसाठी यातून एक गोष्ट कायमची लक्षात राहील. शंभर वर्षांचं कोलॅजन अर्धवट खराब झालेलं असतं, ते याच्यापेक्षा खूप कमी उष्णतेलाही आखडू शकतं, तेव्हा वाफ देऊन कातडं मऊ करू वगैरे उत्साह कुणी दाखवला तर मी ही रबरी कंडरा समोर ठेवणार. बरणीत भरून लेबल लावलंय.

३ फेब्रुवारी

आज एल्डर आल्या, म्हणजे इनुइट समाजातल्या मान्यवर, जाणत्या बाई. त्या बॅफिन बेटावरच्या पांगनिर्तुंगच्या, आता काही वर्षं इथे ओटावात मुलीकडे असतात. उत्तरेबाहेर इनुइट लोकांची सगळ्यात मोठी वस्ती ओटावातच आहे, आणि तरी म्युझियममध्ये त्यांना बोलवायला आम्हाला एवढे दिवस लागले. मी त्यांना बोलता बोलता आजी म्हणून गेले, मग अर्थ सांगावा लागला, तर म्हणाल्या आमच्यात अनानात्सिआक म्हणतात, पण आजी छोटं आहे, आजीच म्हण.

आजींनी येताना स्वतःचा धागा आणला होता. इवालु, म्हणजे कंडरेचा धागा. कॅरिबूच्या, म्हणजे उत्तरेतल्या रेनडिअर हरणाच्या पाठीचा. नखानं कडेला एक चीर पाडली, टोक दातात धरलं आणि एका हातानं ओढत नेलं तर शेवटपर्यंत एकाच जाडीचा धागा सुटला, मी त्याच पट्ट्यावर प्रयत्न केला तर माझा निम्म्यातच निमुळता होऊन तुटला. मग सुटलेला धागा जिभेवरून फिरवून ओला केला आणि मांडीवर तळहातानं एकदाच वळला. समईची वात वळतो तसाच हात, तोच दाब, माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आईचा हात आठवला. मी त्यांना मोबाईलवर वातींचा फोटो दाखवला, त्यांनी नीट बघितला आणि कापूस शिवायला चालत नाही का असं विचारलं.

त्यांनी सांगितलेलं जेवढं जमलं तेवढं लिहून ठेवते. धागा तोंडातच ओला करायचा, वाटीत बुडवायचा नाही, वाटीत तो नको तेवढं पाणी पितो. लांब धागा हवा तर बेलुगा किंवा नारव्हेलचा, या दोन्ही व्हेल, माशांसारख्या दिसणाऱ्या पण सस्तन, त्यांच्या पाठीची कंडरा कॅरिबूपेक्षा लांब येते, म्हणून कयाक होडीवर ताणायचं सीलचं कातडं आणि पाण्यात वापरायचे बूट यांना ती पसंत. गाठ शक्यतो मारायचीच नाही, शेवटचे टाके आपसात अडकवले की वाळल्यावर ते धरून राहतात.

आणि मुख्य म्हणजे टाका. पाण्यात जाणाऱ्या बुटाला सुई आरपार जात नाही. दोन कातड्यांच्या कडा एकमेकींवर, सुई एकीतून पूर्ण जाते आणि दुसरीच्या फक्त अर्ध्या जाडीतून, कातड्याच्या पोटातून बाहेर. मग उलटून दुसऱ्या बाजूनं परत तसंच, दुसरी ओळ. म्हणजे बाहेरून आत सलग जाणारं भोक कुठेच नाही. सीलचं कातडं किती जाड असतं, दीड-दोन मिलिमीटर, त्याच्या अर्ध्यातून सुई न्यायची, तीही कमी उजेडात दिव्याशी बसून. मी आज सात टाके घातले, त्यातले पाच आरपार गेले. आजींनी ते उसवले नाहीत, नुसतं बोट ठेवून एकेक दाखवलं, इथून पाय ओला होणार, इथून, इथून. तिकडे पाय ओला होणं म्हणजे बोटं जाणं.

विचारलं, आता कशानं शिवता. बऱ्याच जणी डेंटल फ्लॉसनं. मेण लावलेला, मजबूत, दुकानात मिळतो. इवालु मिळायला आधी कॅरिबू हवा आणि बॅफिनवर कॅरिबू इतके घटले की २०१५ ला शिकारीवर पूर्ण बंदी आली, नंतर ती उठवून अख्ख्या बेटासाठी वर्षाला फक्त २५० नर एवढीच परवानगी दिली. इतक्या गावांना मिळून. धाग्याचं काय होणार, हा प्रश्न त्या बंदीच्या बातम्यांमध्ये मला कुठे दिसला नाही, सगळीकडे मांस आणि आकडे. आजी म्हणाल्या, मांस विमानानं येतं, पाठीचा धागा कुणी पाठवत नाही.

१० फेब्रुवारी

पाण्याची चाचणी. आजींनी दिलेल्या सीलच्या तुकड्यांच्या तीन छोट्या पिशव्या शिवल्या, मुठीएवढ्या, सुईची भोकं मुद्दाम तिन्हींना आरपार, म्हणजे फरक पडेल तो फक्त धाग्याचा. एक मेणाच्या सुती दोऱ्यानं, एक त्या सिंथेटिक रिळेच्या धाग्यानं, एक हरणाच्या कंडरेनं. तिन्हीत पाणी भरून दोरीवर टांगल्या, खाली वाट्या.

पहिल्या पाच मिनिटांत कंडरेची पिशवीच सगळ्यात जास्त गळत होती आणि मी निराश झाले, खरं सांगायचं तर. मग थेंब लांबायला लागले. वीस मिनिटांनी शिवणीवर नुसता ओलावा, पाऊण तासानं वाटीत थेंब पडायचा बंद. सुती दोऱ्याची हळूहळू गळतच राहिली, सिंथेटिकची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीनं टप टप, त्याच्यात काही बदलच नाही. भिंगातून बघितलं तर कंडरेचा टाका फुगून भोकाच्या कडेला टेकलेला, बूच बसल्यासारखा.

म्हणजे हा धागा पाणी अडवतो ते पाणी पिऊनच, आणि वाळताना आखडून कातडं जवळ ओढतो. ओल्याला फुगणं आणि सुक्याला आखडणं, दोन्ही कामाचं. कातडं पण कोलॅजनच, तेही हवेतल्या दमटपणाबरोबर हलतं, दोघं बरोबर हलतात. नायलॉन त्यात परका. हिवाळ्यात हीटिंगनं हवा कोरडी पडली की कातडं आकसतं, उन्हाळ्यात सैल होतं, आणि मधे तो बारीक कडक दोरा जागच्या जागी, मग दोऱ्यानं उकडलेलं अंडं कापतो तसं त्यानं टाच कापली. वर्षानुवर्षं, थोडी थोडी. माझ्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचं उत्तर मला बाल्कनीत मिळालं.

आणि हे एका पिशवीवरून, पुढच्या आठवड्यात अजून दोन करायच्यात.

१२ फेब्रुवारी

धाकट्या भावाशी बोलणं झालं, तो तबला वाजवतो, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला यात नवीन काय, पावसाळ्यात तबला उतरतो तेच ना. बरोबर आहे. पुडी ओली असताना चढवून वादीनं ताणतात, वाळली की ती घट्ट बसते आणि दमट हवेत सैल पडते म्हणून वाजवायच्या आधी हातोडीनं गट्टे ठोकत बसायचं. कातडं तेच, पाणी तेच. फरक एवढाच की आपण दमटपणाशी भांडतो आणि त्या बायकांनी त्यालाच कामाला लावलं.

१९ फेब्रुवारी

स्टोअरमध्ये अख्खा दिवस. परवानगी घेऊन कंडरा असलेल्या बाकीच्या वस्तू बघितल्या, हातमोजे घालून, कारण जुन्या काळी कीड लागू नये म्हणून अशा वस्तूंवर आर्सेनिक फवारलेलं असायचं, आणि आमच्या काहींवर ते आहे. माझ्या बुटांची तपासणी आधीच झालीय, त्यावर नाही. तरी नियम नियमच, म्युझियमच्या वस्तूचा धागा कुणी तोंडात धरायचा नाही.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले लाकोटा लोकांचे मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, त्यावर मण्यांचं काम, आणि प्रत्येक मणी कंडरेच्या धाग्यावर. तिथे सुई नसायची, आरीनं भोक पाडायचं आणि धाग्याचं टोक न भिजवता कडक ठेवलेलं असतं, तेच सुईसारखं आत जातं. तिथली कंडरा बायसनची किंवा हरणाची. बायसन जसे मारले गेले आणि व्यापाऱ्यांचा सुती दोरा आला तसा कंडरेचा धागा कमी होत गेला, म्हणून असं काम जुनं की नवं हे ठरवताना लोक आधी धागा बघतात.

धनुष्यं दोन. एक आर्क्टिकमधलं, वाहून आलेल्या लाकडाचं. झाडं नसलेल्या मुलखात नदी-समुद्रानं आणून टाकलेलं लाकूड मिळायचं, ते ठिसूळ, वाकवलं तर मोडणार, म्हणून पाठीवर कंडरेच्या विणलेल्या दोऱ्यांचा जुडगा बांधून त्याला पीळ दिलेला, ताण सगळा त्या दोऱ्या घेतात आणि लाकूड नुसतं आकार धरून असतं. पीळ द्यायला हाडाची छोटी छोटी हत्यारं असायची, ती पण एका खणात निघाली, 'उपयोग अज्ञात' अशा चिठ्ठीसकट! मी लगेच फोटो काढून मॅडमना पाठवला.

दुसरं कॅलिफोर्नियाचं, आखूड, रुंद, आणि त्याच्या पाठीवर कंडरेचे तंतू सरसानं थर देऊन चिकटवलेले, विणलेले नाहीत. याची पद्धत कशी कळली तर इशीमुळे. 'याही' नावाच्या आदिवासी लोकांमधला शेवटचा राहिलेला माणूस, १९११ च्या ऑगस्टमध्ये ओरोव्हिलला एकटा, उपाशी सापडला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी म्युझियममध्ये १९१६ ला क्षयानं जाईपर्यंत राहिला. इशी हे त्याचं नावही नव्हे, याना भाषेत त्याचा अर्थ फक्त माणूस. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतलं आणि लिहून ठेवलं: जुनिपरचं लाकूड, हरणाच्या कंडरा चावून चावून मऊ केलेल्या, आणि सरस सॅमन माशाची कातडी उकळून काढलेला. एका माणसाचे सगळे लोक मारले गेल्यावर त्याच्या जबड्याच्या कामाची नोंद उरली, आणि तो गेल्यावर त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठवला होता तो २००० साली कुठे परत मिळाला. तो खण बंद करताना हात जड झाला होता.

२४ फेब्रुवारी

मिरजेच्या मोठ्या काकांचा फोन, ते वैद्य. आईनं त्यांना सांगितलं होतं की पोरगी शिरा चावतेय. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, अगं सुश्रुतसंहितेत जखम शिवायला कुठले दोरे चालतात त्याची यादी आहे त्यात स्नायु आहेच की, म्हणजे तुझी ती कंडरा. आणि अजून काय काय: अश्मंतकाची साल, ताग, जवसाचं सूत, केस, मोरवेल, गुळवेल. अश्मंतक म्हणजे आपला आपटा! दसऱ्याला ज्याची पानं लुटतो त्याच्या सालीचा दोरा आणि जनावराची कंडरा एकाच यादीत शेजारी. काकांना इवालु शब्द फार आवडला, तीनदा म्हणायला लावला मला.

५ मार्च

आजी बूट बघायला आल्या. टेबलावर मऊ कागद अंथरला होता, त्यांना हातमोजे नको होते आणि मॅडम हो म्हणाल्या, मला ते फार बरं वाटलं. पंधरा-वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत. अंगठा शिवणीवरून फिरवत होत्या, आपण तांदूळ निवडताना फिरवतो तसा.

मग एकेक. तळवा दाढीवाल्या सीलचा, वरचा पाय रिंग्ड सीलचा, हे आम्हाला आलं होतं. पण डाव्या बुटाच्या तळव्याचा धागा आणि वरचा धागा वेगळा आहे हे आम्ही कुणीच बघितलं नव्हतं, तळव्याचा त्यांच्या मते बेलुगाचा. मी मायक्रोस्कोपखाली परत बघितलं, जनावर ओळखू येत नाही, पण जाडी खरंच वेगळी आणि एकेक धागा बराच लांब चाललाय, मधे जोड नाही. नोंदीत 'एल्डरांच्या मते' असं लिहीन.

दुसरं म्हणजे उजव्या बुटाच्या आतल्या बाजूला, घोट्याखाली, नखाएवढं ठिगळ. आम्ही ते मूळ शिवणीचाच भाग समजत होतो. आजी म्हणाल्या, नाही, हे नंतरचं, आणि हे दुसऱ्या बाईनं घातलंय, किंवा त्याच बाईनं पण प्रवासात, टाके लांब आहेत, हात गारठलेला असणार. म्हणजे हे बूट कुणीतरी घातले होते, ते फाटले होते, बर्फात कुठेतरी थांबून कुणीतरी ते शिवले होते. दीड ओळीच्या नोंदीत हे सगळं कुठे मावणार.

आमुंडसेन १९०३ ते १९०५ असे दोन हिवाळे कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या ग्योआ हेवनला राहिला, तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून कातड्याचे कपडे कसे घालायचे ते शिकला आणि पुढे दक्षिण ध्रुवावर पोचला हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ते कपडे ज्यांनी शिवले त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी विचारलं, उजवी टाच नव्या इवालुनं परत शिवू का, आता मला थोडं येतं. मनातून मला तेच करायचं होतं, महिनाभर त्याचाच सराव केला होता. आजी म्हणाल्या, हा बूट आता चालणार नाही, मग शिवायचा कशाला. त्याला बसू दे. शिवायचं तर कुणाच्या तरी पायासाठी शीव.

१३ मार्च

ठरलं आणि सुरू केलं. नायलॉन काढला, एकेक टाका कापून, ओढायचा नाही. अडीच दिवस. फाटलेल्या कडांखाली जपानी कागदाचे आधार, कातड्याच्या रंगाला जुळवून रंगवलेले, आणि चिकटवायला गव्हाच्या खळीत थोडं मिथाइल सेल्युलोज, घट्ट, जवळजवळ कोरडं, कारण मूळ कंडरेला पाणी लागलं तर ती फुगणार आणि वाळताना ओढणार, ते मी बाल्कनीत बघितलंय. नवीन धागा एकही नाही. मूळ धाग्याची जी तुटकी टोकं होती ती होती तशीच ठेवली, वळवून आत पण सारली नाहीत.

आतून टाचेला आम्लरहित मऊ कागदाचा ठोकळा, म्हणजे वजन शिवणीवर येणार नाही.

२८ मार्च

बूट पेटीत गेले. दमटपणा ४५ ते ५५ टक्क्यांच्या मधे, अचानक वर-खाली नको, कीड बघायला चिकट सापळे, दर तीन महिन्यांनी तपासणी. 'उपयोग अज्ञात'वाल्या चिठ्ठीची जागा पण नव्या चिठ्ठीनं घेतली.

नवी नोंद पावणेदोन पानं झाली. त्यात शिवणीचा धागा हा आता स्वतंत्र रकाना आहे, आमच्या डेटाबेसमध्ये तो नव्हता, मॅडमनी मागून घेतला. त्यात लिहिलंय: इवालु, कंडरा, वरच्या भागात बहुधा कॅरिबू, तळव्याला एल्डरांच्या मते बेलुगा, अर्ध्या जाडीचा दुहेरी टाका, आतल्या घोट्याला वापरातली दुरुस्ती. शिवणारीच्या नावापुढे रिकामं ठेवायचा नियम आहे, मी तिथे 'दोन हात, कदाचित दोन बायका' असं टाकलं, बघू राहतंय का.

माझ्याकडे हरणाच्या पाठीचा एक पट्टा आणि आजींनी दिलेल्या इवालुचे साडेतीन धागे उरले होते. आजींची नात सोळा वर्षांची आहे, सीलचे हातमोजे शिवतेय, डेंटल फ्लॉसनं. काल तिच्याकडे दिले सगळे. तिनं पहिला धागा सोलला तो निम्म्यात तुटला, दुसरा पाऊण आला.